शिवण

टाळू जुळत नाही.
तीन आठवडे झाले, चिट्स्केच्या पडद्यावर
दोन कडा समोरासमोर येतात,
टेकतात,
आणि पुन्हा फाकतात.

बाहेर लायडनचा कालवा
गोठायचं की नाही ते ठरवतोय.
आत आठ हजार पेशी.
पेशी म्हणजे काय, तर चौकटींचा पुंजका,
एक क्रमांक, एक रंग
आणि दोन-चार सवयी:
एवढं क्षेत्रफळ सांभाळ, एवढा परीघ,
शेजारणीला धर, फार ओढू नकोस.
आपण टाळू होणार आहोत
हे कुणालाच ठाऊक नाही.
नकाशा कुणाकडेच नाही,
प्रत्येकीला फक्त आपापला काठ.

संगणक डोळे मिटून एक चौकट निवडतो,
विचारतो, ही शेजारणीला देऊन टाकू?
खर्च घटत असेल तर हो.
वाढत असेल तर, क्वचित, तरीही हो.
त्या ‘तरीही’वरच सगळं चालतं.

या गावात एके काळी लोकरीचं कापड विणायचे.
डच भाषेत कापडालाही वेफ्सेल, ऊतीलाही वेफ्सेल.
आपणही ‘ओतप्रोत’ म्हणतो
आणि आतला उभा-आडवा धागा विसरतो.
पण इथे माग नाही, विणकर नाही.
धागेच एकमेकांना चाचपत सरकतात.

चिट्स्केने चिकटपणा वाढवला,
पाचावरून आठ, आठावरून चौदा.
कडा घट्ट झाल्या,
पण स्वतःशीच.

साडेनऊला एर्मेलिंडा येते, कचऱ्याची पिशवी बदलायला.
आई केप व्हर्देहून आलेली, हिचा जन्म रॉटरडॅमचा.
वरच्या ओठावर एक पांढरी रेघ
थेट नाकपुडीपर्यंत.
चिट्स्के तिकडे कधी बघत नाही,
इतकी बघत नाही की कळतं.

हे काय?
तोंडाचं छत. नवव्या आठवड्यातल्या बाळाचं.
एर्मेलिंडा थांबते. गाल किंचित हलतो:
जीभ आतून टाळू चाचपून आली.
माझं तीनदा शिवलं, ती म्हणते.
शिवण्याआधी डॉक्टर कडा कापायचे.
मी अकरा वर्षांची, मला राग आला,
जोडायचंय तर कापता कशाला?
म्हणाले, बरी झालेली कड
कुणाशीच जुळत नाही.

मग ट्रॉली ढकलत गेली.
एक चाक कुरकुरत होतं.

चिट्स्के बराच वेळ हाताची नखं बघत बसली.
एक ओळ होती,
तिनेच नोव्हेंबरात बंद केलेली:
समोरच्या कडेचा स्पर्श झाला की
काठावरच्या पेशीने जागा सोडावी,
सरकावं, नाहीतर मरावं.
पुस्तकात होतं हे. तिला माहीत होतं.
पण तेव्हा मरण म्हणजे
आकडेमोडीतली नसती कटकट वाटली होती,
आणि मुदत जवळ होती.

ओळ पुन्हा चालू केली.
मध्यरात्रीनंतर कधीतरी
मधली भिंत तुटायला लागली.
आधी भोकं, मग बेटं,
मग बेटंही विरत गेली,
आणि डावीकडचा निळा उजवीकडच्या पिवळ्यात
असा काही शिरला
की कुणाची हद्द कुठली, तिलाही सांगता येईना.

पहाटेपर्यंत तिने दहा वेळा चालवून पाहिलं,
नियम तेच, फासे दर वेळी नवे.
सात जुळले.
तीनमध्ये मागच्या बाजूला फट उरली,
तांदळाच्या दाण्याएवढी.
चूक शोधली. सापडली नाही. चूक नव्हतीच.
त्या तीन फायली तिने पुसल्या नाहीत.

दुसऱ्या रात्री एर्मेलिंडाने दारातूनच विचारलं,
जुळलं?
सात वेळा.
आणि?
तीनदा नाही.
एर्मेलिंडाने पिशवीला गाठ मारली.
त्या तिघांना सांग, म्हणाली,
शिट्टी उशिरा येते.
मला एकोणिसाव्या वर्षी आली.

आणि ट्रॉली पुढे ढकलली.
चाकात अजून कुणी तेल घातलं नव्हतं.