कणीक

शनिवारी रात्री मनुका भिजत घातल्या,
जर्मनच्या गंजात, वर झाकण ठेवून.
देवळातल्या सतरंज्या झटकल्या,
पाळकसाहेबांच्या टेबलावर पांढरं कापड घातलं
इस्त्रीची घडी मोडू न देता.
म्हटलं, झाली तयारी.

पहाटे प्रभुभोजनाची कणीक मळायला बसले.
मिठाशिवायची. खमिराशिवायची.
तिंबता तिंबता ओठांवर भजन होतं
आणि बोटांत दीनाबाई.

पोळ्याच्या आसपास मंडळीची बॅटरी गेली.
हापशीवर गुंड भरता भरता मीच म्हटलं होतं,
"याकोबच्या हातात नवा मोबाईल दिसते बाप्पा."
एवढंच. आरोप काही केला नव्हता,
असं सहा महिने मी स्वतःला सांगतेय.
बॅटरी दारव्ह्याला दुरुस्तीला गेली होती.
चौथ्या दिवशी ऑटोतून परत आली
आणि त्यावर पुन्हा कोणी काही बोललं नाही.
दीनाबाई तेवढी यायची थांबली.
खिडकीजवळची तिची जागा आम्ही मोकळी ठेवतो,
जणू आदरानं.
तेव्हापासून मी जरा जास्तच मोठ्यानं गाते.

लाटलेल्या गोलावर सुरीनं क्रूस ओढायचा होता.
एक रेघ ओढली,
आडवी राहिली.

पिठाच्या हातांनी निघाले.
पायात चप्पल नाही हे
टाकीपाशी गोटे रुतले तेव्हा कळलं.
वाटेत वाक्यं जुळवत होते,
पाळकसाहेब प्रार्थनेत जुळवतात तशी,
"हे दयाळू"पासून सुरू होणारी.

ती अंगणात तूर पाखडत होती.
मान वर केली नाही.
सूप थांबलं, तेवढं ऐकू आलं.
"याकोबचं मी बोलली होती. हापशीवर. मीच."
जुळवलेलं बाकी सगळं भुशासोबत उडून गेलं.

खूप वेळ काहीच नाही.
एक कोंबडी आली, चार दाणे टिपून गेली.
"पोरगा त्याच महिन्यात पुण्याले गेला," ती म्हणाली.
"तुले माहीत हाय?"
"हाव."
"फोनवर इचारते, माय, देवळात गेलती का?
मी म्हनतो, हाव."

माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही.
माझ्या हातांकडे पाहिलं,
पीठ वाळून भेगाळलेल्या.
"तुई चूल इझली असन आता.
आन इकडं ते कनिक. माहा तवा तापला हाय."

घंटा त्या रविवारी पाऊण तास उशिरा झाली.
पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं, मग ताटलीतली भाकर पाहिली,
एका बाजूनं करपलेली, क्रूस जरा वाकडा.
विचारलं काही नाही.
दीनाबाई आली नव्हती.
खिडकीजवळ ऊन येऊन बसलं होतं.
मी आज दाराशी बसले, लोकांच्या चपलांजवळ.
भजनाला आवाज फुटला नाही,
ओठ हलवले नुसते.
तुकडा हातावर आला तेव्हा
तिच्या चुलीचा वास होता त्याला, तुराट्यांच्या धुराचा.

गिळायला वेळ लागला.