पाऊण फेरी

मायनॉटला फेब्रुवारीत पाना हाताला चिकटतो.
अशा दिवशी लेलँड ब्राटन आला,
ट्रेलरवर, ताडपत्रीखाली
अडुसष्टची इम्पाला, गाभण गाय आणावी तशी जपून.

चारशे सत्तावीस क्युबिक इंचांचं इंजिन,
मागे टर्बो-चारशे: तीन गिअर,
त्यापुढे नुसता आरडाओरडा.
पासष्टच्या वेगाला काटा तेहतीसशेवर.
"फार्गोला जाऊन उतरलो," म्हणाला,
"की तासभर कानांत मळणी चालते."

बापाच्या वेळचं बिलबुक घेतलं, कोरी बाजू वर केली.

सातशे-आर-चार:
पहिला गिअर उडी मारतो, दुसरा विहिरीत पडतो,
आणि थ्रॉटलची केबल सूतभर सरकली
की शनिवारपर्यंत क्लच काळे ठिक्कर.

दोनशे-चार-आर: गुणी पोर.
जुन्याच्या जागी जवळजवळ अलगद बसतं.
पण या इंजिनाखाली म्हणजे
बैलाच्या जोडीला वासरू.

चार-एल-ऐंशी-ई:
ट्रकमधला. तुझ्या टर्बो-चारशेच्याच हाडापेराचा,
वर चौथा गिअर. मोडणार नाही.
फक्त गाडीचा तळ हातोड्याने फुगवायचा,
आडवा बीम मागे न्यायचा, दांडा कापायचा,
आणि डॅशखाली एक कम्प्युटर.

कम्प्युटर म्हटल्यावर त्याने टोपी काढली,
आत बघितलं, परत घातली.

"नाकापेक्षा मोती जड होईल," मी म्हटलं.
"सरळ मागचे चार-दहाचे गिअर काढ,
तीन-शून्य-आठ घाल. दोन दिवसांचं काम.
चार-दहाची पाऊणपट करून बघ, तेवढेच येतात.
काटा तिकडूनही पंचवीसशे, इकडूनही पंचवीसशे."

तो भट्टीकडे बघत राहिला.
ताकाला येऊन भांडं लपवणारे मी पुष्कळ पाहिलेत.
घाई करायची नाही. कॉफी ओतायची.
भांडं आपणहून पुढे येतं.

"ते गिअर आर्नीने बसवलेत," तो म्हणाला.
"बाहत्तरचा जून. कोठारात, पाठीवर झोपून.
हरलेल्या शर्यतीचे पैसे फेडायला पुन्हा शर्यत लावणार होता.
ऑगस्टात गेला.
ते झाकण मी उघडलेलं नाही.
तेल घालतो ते बाजूच्या भोकातून, पिचकारीने."

मग बऱ्याच वेळाने:
"आर्डिस शेजारी बसते. बोलत असते काहीतरी.
मी मान हलवतो."

मी कागदावरच्या दोन ओळी खोडल्या.

अकराव्या वर्षी बापाने माझ्या हातात
ग्रहमालेचा गिअर दिला होता, तेलाने निथळणारा.
मधला सूर्य घट्ट धर, म्हणाला, ग्रहांचा सांगाडा फिरव.
पाऊण फेरीत बाहेरचं कडं पुरतं घरी आलं.
"उरलेला पाव कुठून आला?" मी विचारलं.
"तू धरून ठेवलंस ना, त्यातून."
तेव्हा कळलं नव्हतं. अजूनही
बिल लिहितानाच कळतं.

सहा आठवडे लागले.
तळाला हातोडा मारताना
दर घावाला लेलँड बाहेर जाऊन येई.

एप्रिलात रग्बीच्या रस्त्याला लागलो,
तो चाकावर, आर्डिस शेजारी, मी मागे,
मांडीवर लॅपटॉप, खिडकीबाहेर बर्फाचे उरलेसुरले ठिगळ.
पंचावन्नला चौथा पडला. मग कन्व्हर्टरने पकड घेतली.
काटा उतरला. उतरत पंचवीसशेवर थांबला.
इंजिनाने आवाज खाली ठेवला,
हातातली जड पिशवी ठेवावी तसा.

मैलभर कुणी काही बोललं नाही.
टायरांचा आवाज, ऊन,
आणि कुठूनतरी एक बारीक शीळ.

"हे काय वाजतंय?" लेलँडने विचारलं.

"हीटर," आर्डिस म्हणाली.
"एक्याऐंशीपासून सांगतेय."

त्याने मान हलवली नाही.
थोडं पुढे जाऊन विचारलं,
"आणखी काय सांगत होतीस?"

मी लॅपटॉप मिटला
आणि परतीच्या वळणापर्यंत
काचेला नाक लावून बसले, लहानपणी बसायची तशी,
ऐकत नसल्यासारखी.