वाटेतच

वर्गात इतुराल्दे सरांनी खडू झिजवला:
बेरजेची लांबी लांबींच्या बेरजेइतकी
तेव्हाच, जेव्हा दोन्ही बाण एका दिशेचे.
"किंवा एखादा शून्य असला तर," मागच्या बाकावरून कुणी.
"हो. शून्याला कुठलीही दिशा चालते."

संध्याकाळी ला प्लाताच्या चौकटींतून
सहा चौक पूर्वेला, चार दक्षिणेला
त्यांचं घर.
नेलिदाचं पाच पूर्वेला, एक दक्षिणेला.
"वाटेतच होतं," टोपी काढत ते म्हणतात.
खोटं नाही. इथे वळण फुकट पडतं:
पाच नि एक, मग एक नि तीन,
दहाच भरतात.

शाळेमागून तिरका कापत जाणारा रस्ता
तिलाही ठाऊक आहे, टिलोच्या झाडांखालचा.
ती मातेचं भांडं पुढे करते.
साखर हवी का, एवढंच विचारते.