टोपी

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये मुकुट आला
तो कुरिअरनं, लाइट गेलेली असताना.
नायनांनी पाकीट फोडलं,
आलेखाचा कागद दारातल्या उन्हात धरला.
खाली घोड्याची नाल, वर मुकुट.
सहाशे डझन नॅपकिन, मे संपायच्या आत.

शेठ सांगत होते,
तिकडे जूनमध्ये शर्यती लागतात.
दुपारी दोनला राजा बग्गीतून येतो,
गवतावरून, सावकाश,
मग घोडे सुटतात.
"राजा पळत नाही?" यल्लूबाईनं विचारलं.
"तो हात हलवतो."
"मग त्याला घाम पुसायला सहाशे डझन कशाला?"
हसू धोट्यासारखं
या टोकापासून त्या टोकाला गेलं.

शेठ म्हणाले, तिथं उघड्या डोक्यानं आत सोडत नाहीत.
बाप्यांना उंच काळी टोपी, बायकांना पिसांची.
टोपी नाही तर दारातूनच परत.

नायनांचा पंच मधेच थांबला.
त्यांचे तात तीस सालच्या मे महिन्यात,
मार्शल लॉ लागलेला असताना,
पांढरी टोपी घालून माणिक चौकातून चालले होते.
शिपायानं काठीच्या टोकानं ती उडवली.
तातांनी गटारातून उचलली, पिळली, घडी घातली,
बंडीच्या आत ठेवली.
त्यानंतर जन्मभर डोक्यावर काही घेतलं नाही,
पोरीच्या लग्नातसुद्धा.
कुणी विचारलं तर म्हणायचे, "हवा लागते."

मुकुटाला एकशे बारा कार्डं लागली.
भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली,
राजा असो की मोर, जकार्डला एवढंच कळतं.
चौऱ्याण्णवाव्या कार्डात एक भोक राहिलं.
मुद्दाम, की मोतीबिंदूमुळे, मी विचारलं नाही.
चेकिंगच्या टेबलावर मी भिंगातून पाहिलं,
मुकुटाच्या शेंड्याशी एक धागा बुडत होता,
प्रत्येक नॅपकिनवर, त्याच जागी.
मी शिक्का मारत गेले. पास. पास.

जूनमध्ये शेठनी मोबाइलवर शर्यत दाखवली.
पाच डोकी एका काचेवर वाकलेली.
नॅपकिन कुठं दिसेनात.
बग्गी आली, राजानं हात हलवला,
आणि कडेच्या सगळ्या बाप्यांनी
आपापल्या टोप्या उतरवल्या.
टकलं, पांढरे केस, भांग,
सगळं उन्हात उघडं.

नायना बराच वेळ बघत राहिले.
"हवा लागत असेल," म्हणाले.

यल्लूबाईला घोडा कुठला जिंकला ते हवं होतं.
तेवढ्यात रेंज गेली.