धागा तुटला

तिरुपती गुंडेटीला पहिल्या बाकावर बसवलं,
तेवढं केलं की झालं, असं मला वाटलेलं.
फॉर्मवर रकाना होता : श्रवणदोष. टिक केली.
आणि फळ्याकडे तोंड करून
तीन आठवडे भागाकार शिकवला.

त्याच्या कानातलं यंत्र
पंख्याची घरघर तेवढी इमानदारीनं आणायचं.

एका दुपारी, पत्रे तापून तडतडत असताना,
मागच्या बाकावरची भाग्यलक्ष्मी उठली,
माझा पदर ओढून मला वर्गाकडे वळवलं
न् दोन बोटं हलवून त्याला विचारलं :
तुटला?
त्यानं बोटं जुळवली, फटकन विलग केली.
तुटला.

साखर पेठेत, मागाच्या खोलीत,
खटखटीपुढे कुणाचाच आवाज पोचत नाही.
तिथं आई, बाप, कांडी भरणारी मावशी
सगळी हातांनीच बोलतात :
पाणी आण. जेवलीस का. थांबव, धागा तुटला.
पोरांना हे येतच होतं.
बी.एड. माझं झालेलं.

आता बोलताना फळा पाठीशी ठेवते.
खडू हातात आला की विसरते अजून,
मग कुणीतरी पाय आपटतं.

काल अपूर्णांक. विचारलं, समजलं?
नेहमीचं एका सुरातलं "होऽऽ बाई".
तिरुपतीनं बोटं फाकवली.
मग इरफाननं.
मग खिडकीजवळच्या दोघींनी, एकमेकींकडे बघत.
मोजले. त्याचा सोडून एकोणीस हात,
सगळ्यांचे कान शाबूत.

मी फळा पुसला.
घंटेला अजून अकरा मिनिटं होती.