बेंबीच्या दक्षिणेला

पहाटे पाचला अण्णा चहा देतात, कपभर, कढत.
मग वीस मिनिटं आम्ही दोघं गप्प.
चहा निरोप्यासारखा खाली जातो,
आतड्याला हाक मारतो,
त्याला वेळ द्यायचा,
असं शरणपूरच्या एस्तेर लोंढे सिस्टरांनी सांगितलंय.

दहावा मणका.
सिन्नर फाट्याजवळ विजेच्या खांबावरून पडलो
त्या दिवसापासून बेंबी ही माझी सरहद्द.
वर मी राहतो. खाली
एक भाडेकरू, जो दार उघडत नाही
आणि खोलीही सोडत नाही.

पहिल्या दिवशी सिस्टर म्हणाल्या,
लाज बाहेर चपलांपाशी ठेवा.
अण्णांनी खरंच दाराकडे बघितलं.

बत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये.
कोरे ताव, मोजणी, फेरमोजणी,
सुटताना फाटकावर झडती.
ती बोटं आता तेल लावून माझ्या पोटावर:
उजवीकडे खाली, कमरेच्या हाडापासून,
वर बरगडीपर्यंत, मग आडवं,
मग डावीकडून दाबत दाबत खाली.
घड्याळाचा काटा जातो तसं.
आई दारातून म्हणते, प्रदक्षिणाच की.
प्रदक्षिणा कसली, अण्णा म्हणतात, नळ तुंबलाय.

कधी डाव्या अंगाला त्यांना गाठ लागते.
"आहे. इथं आहे."
पुरलेला हंडा सापडावा तसा चेहरा.
मला काहीच कळत नाही. मी बघत राहतो
पंख्याच्या तिसऱ्या पात्यावरची धूळ.

मग डावी कूस.
हातमोजा चट्कन वाजतो. जेली.
एक बोट, सावकाश, गोल,
वीसपर्यंत मोजायचं, थांबायचं, पुन्हा.
मोजणं अण्णांना शिकवावं लागलं नाही.
घाई केली की आतून सगळं आवळून बसतं
रुसलेल्या जावयासारखं.
माझी पाठ त्यांच्याकडे,
एकमेकांचं तोंड दिसत नाही.
एवढी एक सोय आहे.

देवळालीकडून तोफांचा सराव सुरू होतो.
"तिकडं झाली बघ," अण्णा म्हणतात,
आणि इतकं हसू येतं
की कधी कधी त्या हसण्यानंच काम होतं.

वहीत लिहितात: सहा दहा. मऊ. पुरेशी.
प्रेसच्या रजिस्टरमधलं अक्षर, खाली सही.
नाही झाली तर नुसती आडवी रेघ,
आणि त्या दिवशी मी कुणाच्या साखरपुड्याला जात नाही.
काकू फोनवर विचारतात, चालायला कधी लागणार?
पाय गेल्याचं दुःख चारचौघांत सांगता येतं.
हे कुठं सांगायचं?
चालण्याचं मागं पडलंय, काकू.
मला फक्त पँट कोरडी ठेवून
दोन तास सिनेमा बघायचाय.

दिवाळीनंतर निफाडकडची थंडी उतरली
आणि अण्णांचा अंगठा वाकेना.
सिस्टर माझ्याकडे वळल्या:
तुझे हात शाबूत आहेत ना?
दोन वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता.
सुचला होता.

माझा तळवा माझ्या पोटावर.
हाताला पोट लागलं, ऊबदार, केसाळ,
झोपलेल्या परक्या जनावरासारखं.
पोटाला हात लागला नाही.
बेंबीपाशी क्षणभर दोन्हीकडून कळलं,
मग पुन्हा एकाच बाजूनं.

मी उलटा फिरवत होतो.
अण्णांनी मनगट धरून वळवलं,
"इकडून. रस्ता इकडून आहे,"
आणि सोडलं नाही बराच वेळ.

खालचं अजून जमत नाही, तोल जातो.
त्या दिवशी रेघच आली.
रेघेखाली सही मी केली, त्यांचं पेन घेऊन.
प्रेसचा भोंगा झाला.
अण्णा सवयीनं उठले, आठवलं, बसले.
हातमोजा अजून काढायचा होता.