मंछीकडील सुत

धुळ्याच्या रेकॉर्ड रूममध्ये पंखा लावत नाहीत,
कागद उडतात.
मार्चमध्येच गठ्ठ्यांना जुन्या कणगीचा वास येतो.
चौथ्या हेलपाट्याला शिपायाने
लाल कापडाचा रुमाल आणून टेबलावर टाकला:
कसबे फैजपूर, मृत्युपत्रे व वारसा.

वहीवंच्याच्या चोपडीत आमचा मूळपुरुष एका ओळीचा.
तापीदास वल्लभ, भावसार, धंदा रंगारी,
सुरतेकडून आला, फैजपुरात वारला.
खाली काडी. काडीखाली उखर्डू.
बाकी आम्ही सगळे त्या काडीला लोंबकळलेले.

इथे तो अडीच पानांचा निघाला.

निकुंभ गुरुजी भिंगातून मोडी वाचतात,
बोट कागदाला न लावता,
उतू जाणाऱ्या दुधावर धरावं तसं वरच्यावर.
"...शरीरास भरवसा नाही, सबब शुद्धीत असता
लिहून ठेवितो ऐसा जे, पोटी संतान नाही..."
मी म्हटलं, पुन्हा वाचा.
"पोटी संतान नाही. स्त्री जमना, तिजला राहते घर."

मग आम्ही कोण, हे मी विचारलं नाही.
गुरुजींनी पान उलटलं.

तांब्याच्या कढया दोन, पैकी एक गळकी.
आलाच्या मुळ्या, पोती सात.
निळीचा हौद, निम्मा नथ्थूचा.
लाकडी ठसे बावन्न, कोयरीचा फुटका.
येणे: सावद्याच्या पाटलाकडून लुगड्यांचे अकरा रुपये,
"मागू नयेत, त्याची लेक वारली."
एवढ्या ओळीवर
मला तो माणूस पहिल्यांदा दिसला,
कोपरापर्यंत लाल.

शेवटी, साक्षीदारांच्या डोक्यावर,
जागा संपत आली म्हणून दाटीवाटीने:
"मंछी कामास आहे. मंछीकडील सुत घरात आहे
त्यास कोणी बाहेर करू नये."

गुरुजी थांबले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.
मोडीत उकार एकच. ऱ्हस्व नाही, दीर्घ नाही.
सूत म्हणजे धागा.
सुत म्हणजे मुलगा.
"आठे दोन्ही वाचाई जास, माय," ते म्हणाले,
"तुले जे जोयजे ते वाच."

रंगाऱ्याच्या घरात सूत असणारच,
कामवालीने कातलेलं, चार लडी, कोपऱ्यात.
पण लडींना कोणी बाहेर करू नये
असं मरता माणूस कशाला लिहील?

दुसरा कागद तीन वर्षांनंतरचा. जमना वारली.
मामलेदाराच्या कारकुनाने घर मोजलं:
पाटा, वरवंटा, घंगाळ, मोडकी बाज,
कढई एकच (गळकी उरली की धड, लिहिलं नाही),
कोंबड्या चार.
सूत नाही. एक लडसुद्धा नाही.
आणि तळाशी, माल ताब्यात घेणार:
उखर्डू, वय सुमारे नऊ. सांभाळणार मंछी.
निशाणी बांगडी.

उखर्डू. उकिरड्यावर ठेवून परत उचललेलं पोर,
दृष्ट लागू नये म्हणून, जगावं म्हणून.
आमच्या घरात या नावाला अजून हसतात.
ठेवलं कोणी, उचललं कोणी,
ते कुठल्याच रुमालात नाही.
बापाच्या नावाची जागा कोरी, तिथे फक्त एक डाग,
ओलं बोट टेकून काढून घेतल्यासारखा.

तो निळीचा असावा असं मला फार वाटलं.
गुरुजींनी भिंग धरलं, बराच वेळ धरलं.
काजळीची शाई, म्हणाले. सगळ्या कागदांना असते तीच.

नकलेसाठी अर्ज भरावा लागतो.
नाव, पत्ता, कारण.
"मयताशी नाते" या रकान्यापाशी पेन अडलं,
मागे रांगेत कोणीतरी खाकरलं,
मी लिहिलं:
मंछीकडील.